फिन्सच्या अलीकडे

पहिली चुणूक कुरियातचा उतार संपताना मिळाली.
उजव्या पोटरीत, खोल,
कुणी सुतळी ओढून पाहावी, इतकीच.
मी तिला दाद दिली नाही.
बकऱ्यांचे फोटो काढते म्हणून थांबले,
मोबाइल डोळ्यांपुढे धरून
टाच जमिनीत दाबत राहिले.
बकऱ्यांचा फारसा विश्वास बसला नसावा.

चौदा जण आम्ही.
अमरातहून पहाटे चारला सुटलेले, जेवायला सूर.
पुढच्याच्या मागल्या चाकाशी आपलं पुढलं चाक,
मध्ये वीतभर हवा
आणि त्या वितीवर सगळा भरवसा.
वारा समोरून, जानेवारीतला, कोरडा.
डावीकडे समुद्र, इतका निवांत
की त्याचा रागच यावा.

रुवीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं
मी लोकांच्या रक्तातलं मीठ मोजते.
सोडियम एकशे एकोणीस, वॉर्डात फोन.
पोटॅशियम अडीच, पुन्हा फोन.
उन्हात कोसळलेले गवंडी,
मासेमारीच्या होडीतून उचलून आणलेली पोरं,
सगळ्यांचे आकडे माझ्या हाताखालून गेले.
आणि इथे माझ्याच बाहीवर पांढरे नकाशे उमटत होते
तर मी खूश,
काय छान घाम येतोय म्हणून.

एकशे अठराव्या किलोमीटरला गोळा आला.
आला कसला, उभा राहिला.
कातडीखाली अंड्याएवढं काहीतरी
वाट शोधत फिरायला लागलं.
बूट पेडलमधून सुटेना.
तशीच आडवी झाले कडेच्या खडीत
आणि ओरडले, आई गं.
तेरा जणांत मराठी कुणाला येत नव्हतं.
तेराही सायकली थांबल्या.

मुराद अल-बलुशी सगळ्यांच्या मागे असतो, मुद्दाम.
मत्रा बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला,
पासष्टीचा तरी असेल.
आधी विचारलं त्याने, बहेन, हात लगाऊँ?
मग बूट काढला, टाच तळहातात घेतली,
आणि बोटं माझ्याकडे वाकवत
माझा पाय स्वतःच्या छातीशी टेकवून धरला.
थोरामोठ्यांना पाय लागला की नमस्कार करायचा,
एवढं अंगात मुरलेलं.
पडल्यापडल्या माझे हात जुळायला निघाले.
तो म्हणाला, हलू नको.
त्याच्याशी भांडू नको. भांडलीस की घट्ट धरतो.

कुरुविलाने खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली.
आत लिंबाच्या लोणच्याचा खार,
त्याच्या बायकोने गाळून दिलेला.
एक घोट, म्हणाला, चव घेत बसू नको.
डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून वाफ,
मारिटेस हसून हसून खडीत बसली.
मला माहीत होतं,
हे मीठ रक्तात पोचायला अर्धा तास तरी जाईल.
गोळा मिनिटभरात विरघळला.
याचा रिपोर्ट कुठल्या रकान्यात भरू?

पिकअप मागे उभा होता,
पाण्याची खोकी, कलिंगडं, एका माणसाची जागा.
बस त्यात, कुणी काही म्हणणार नाही,
असं सगळ्यांनी आळीपाळीने म्हणून घेतलं.
त्यामुळेच असेल,
मी पुन्हा सायकलवर चढले.

बाकीचे पुढे गेले.
मी आणि मुराद, ताशी पंधरा,
तो पुढे, मी त्याच्या पाठीच्या आडोशाला.
त्या पाठीवर मीठ साचलं होतं,
खांद्यापासून कमरेपर्यंत, थरावर थर.
सवयीने मी आकडा लावत होते.
तो मला चांगला वाटला नाही.

तिवीच्या पुलाअलीकडे पाहिलं,
त्याच्या डाव्या पोटरीत
सुतळी ओढल्यासारखं काहीतरी हललं.
तो काही बोलला नाही.
थोडा पुढे गेला, वेग उतरवला,
रस्त्यापलीकडच्या खडकांकडे हात केला:
बकऱ्या बघ किती छान आहेत.
थांबू या? फोटो काढ.

मी मोबाइल काढला.
दुसऱ्या हाताने बाटली.